साती आसरांना घेऊन होह नदीवर

परत आल्यापासून जी ती विचारते, अमेरिका कशी होती. मी सांगते, थंडी होती, रस्ते स्वच्छ होते, माणसं ओळख नसली तरी हसतात. मग त्या म्हणतात, मालनबाई, तुम्ही तिकडं जाऊन आलात तरी अबोलच. चारचौघींत बोलायला मला लहानपणापासून जमत नाही. शाळा चौथीपर्यंत झाली, पुढची शाळा नदीपलीकडे होती. पण लिहिता येतं, आणि लिहिताना कुणी तोंडाकडे बघत नाही. नातीने येताना तिची अर्धी कोरी वही दिली, वर एका शिंगाचा घोडा आहे. त्यात लिहिते आहे. जे तिकडे गेले नाहीत त्यांना सांगावं तसं लिहिते, म्हणजे क्रमाने आठवतं. दाखवणार मात्र कुणाला नाही.

बॉथेल

माझी मुलगी वैशाली सिएटलजवळ बॉथेल नावाच्या गावात राहते. औषधाच्या कंपनीत, प्रयोगशाळेत काम करते. जावई निखिलराव नागपूरचे, त्यांचं काम कॉम्प्युटरवर. नात ईरा नऊ वर्षांची. मी ऑगस्टच्या अखेरीला गेले ते वैशालीच्या दुसऱ्या बाळंतपणासाठी. बॅगेत डिंकाचे लाडू, बाळंतशेपा, जुन्या मऊ लुगड्यांची दुपटी होती, आणि सगळ्याच्या तळाला एका बटव्यात सात दगड.

दगडांचं आधी सांगते. आमच्या नदीच्या डोहावर साती आसरांचं ठाणं होतं. करंजाच्या झाडाखाली शेंदूर लावलेले सात दगड. आसरा म्हणजे पाण्यात राहणाऱ्या सात बहिणी. बाळंतीण सव्वा महिन्याने पहिल्यांदा पाण्यावर जाते तेव्हा मूल मांडीवर घेऊन त्यांची ओटी भरते. प्रसन्न असल्या तर मूल राखतात, रुसल्या तर नेतात. माझी आई मला घेऊन गेली होती, मी वैशालीला घेऊन गेले. ईराच्या वेळी वैशाली तिकडेच होती, म्हणून तिच्या नावाने मी एकटीने ओटी भरली. तेव्हा डोहात कमरेइतकं पाणी होतं.

आता डोह नाही. वाळू काढणाऱ्यांनी मशीन लावून तो खरवडून नेला. करंज गेला, ठाणंही गेलं. निघायच्या आधी ओटी कबूल करायला गेले तर दगड राडारोड्यात पडलेले. दुपारभर शोधले. शेंदरावरून सहा ओळखू आले. सातवा काही सापडला नाही. सहा आसरा कुणी ऐकल्या आहेत का? म्हणून तिथलाच एक तेवढाच गोल दगड उचलला, घरी आणून त्याला शेंदूर लावला आणि सात केले. इथे कोरड्यात पडण्यापेक्षा लेकीकडे नेऊ, तिकडे पाणी मोप आहे, असं मनात आलं. आसरांना त्यांच्या पाण्यापासून हलवू नये, हे मला ठाऊक होतं. पाणीच उरलं नाही तर कसलं त्यांचं पाणी, असा मी माझ्याच मनाशी वाद घातला आणि वादात जिंकले. विमानतळावरच्या माणसाने बटवा उघडून दगड उलटेपालटे केले, माझ्याकडे बघितलं आणि परत ठेवले. शेंदूर कपड्यांना लागू नये म्हणून मी निघण्याआधी घासून काढला होता. घासताना हाताला कसंतरी झालं होतं.

मी पोचल्यावर अकराव्या दिवशी बाळ पोटातच गेलं. मुलगी होती. आठवा सरत आला होता.

दवाखान्यातून एक छोटी पेटी दिली. तिच्यात कागदावर उमटवलेली दोन पावलं आणि एक टोपी. वैशालीने पेटी कपाटात ठेवली आणि कपाट लावलं. तिसऱ्या दिवशी तिला दूध आलं. दूध आटवायला मी तिची छाती जुन्या लुगड्याने बांधली. दुपट्यासाठी आणलेलंच लुगडं होतं ते. बांधताना ती म्हणाली, "घट्ट बांध, लागू दे." त्यानंतर ती फारसं बोललीच नाही. विचारलं तर उत्तर द्यायची, हो, नको, राहू दे. लाडू फ्रीजरमध्ये गेले. बाळंतिणीचे लाडू दुसऱ्या कुणी खायचे नसतात, आणि ती खाईना.

जिवंत मुलाच्या आईचं काय काय करायचं ते मला सगळं येतं. तेल, शेक, धुरी, पाचवी, बारसं. मूल गेलेल्या बाईचं काही नाही. आमच्यात त्याला रीतच नाही. मी दिवसभर त्या घरात नुसती उभी असायची. नळ सोडला की लगेच गरम पाणी यायचं, कधी थांबायचं नाही. एकदा बराच वेळ मी ते वाहू दिलं, कान देऊन ऐकलं, आणि मग आमचा डोह आठवून पटकन बंद केलं.

ऑक्टोबरात तिथले लोक भुतांचा कसला सण करतात. हौसेने अंगणात हाडांचे सांगाडे टांगतात. आमच्या समोरच्या घराने एक लहान मुलाएवढा सांगाडा झोपाळ्यावर बसवला होता. वैशाली खिडकीतून तो बघत बसायची. निखिलराव त्या घरी जाऊन काहीतरी बोलून आले, दुसऱ्या दिवशी सांगाडा नव्हता. त्या रात्री त्यांनी मला सांगितलं, "आई, आपण तीन दिवस बाहेर जाऊ. मी केबिन बुक केली. जंगल आहे, नद्या आहेत. तिला जरा बरं वाटेल." ते बोलताना माझ्याकडे नाही, बेसिनकडे बघत होते.

मी दिवस मोजले. सव्वा महिना त्याच आठवड्यात भरत होता. नद्या आहेत म्हणाले. मी बटवा पिशवीत टाकला. आसरांना पाण्यात सोडलं तर लेकीवरचा हा दगड उठेल, एवढंच माझ्या मनात होतं. बाळ तर परत येणार नव्हतं. निदान लेक तरी.

पहिला दिवस, बोट आणि तळं

गाडीसकट बोटीत बसतात हे मी पहिल्यांदा बघितलं. गाडी बोटीच्या पोटात लावायची, जिन्याने वर जायचं, वर चहा-कॉफीचं दुकान. समुद्र करडा, पलीकडे डोंगर. वैशाली गाडीतच बसून राहिली. निखिलराव तिच्याजवळ थांबले. मला ईराने हाताला धरून वर नेलं.

ईराच्या बगलेत शाळेतून आणलेलं जाड पुस्तक होतं. जुन्या ग्रीस देशातल्या देवादिकांचं. शाळेत प्रत्येकाने त्यातलं एक कुणीतरी निवडून मोठा कागद रंगवायचा होता. तिने पाण्यातल्या पऱ्या निवडल्या होत्या. चित्रात त्या केस मोकळे सोडून दगडावर बसलेल्या. एकीच्या हातात कलंडलेली घागर.

"आजी, यू नो, प्रत्येक स्प्रिंगची वेगळी असते," तिने सांगितलं. "स्प्रिंग म्हणजे, पाणी जमिनीतून येतं ना?"

"झरा."

"हां, झरा. रिव्हरच्या वेगळ्या, लेकच्या वेगळ्या. समुद्राच्या तर फिफ्टी सिस्टर्स."

मी म्हटलं, आमच्या सातच. तिने मान वर केली. तुमच्याकडे पण आहेत? मी कुणाशी एवढं बोलत नाही, पण नातीशी बोलता येतं, तिला माझं अर्धंच कळतं. मी तिला आसरांचं सांगितलं. पाण्यावर गेलेल्या देखण्या पोराला त्या भुलवून नेतात, हे ऐकून ती उडालीच. तिच्या पुस्तकातही तसंच होतं. एक पोरगा घागर घेऊन झऱ्यावर जातो, त्या त्याचा हात धरतात, आणि त्याचे सोबती रानभर हाका मारत फिरतात. मला नवल वाटलं. एवढ्या लांबच्या बायका, कधी आमच्या बायकांना भेटल्या नसतील, आणि पाण्याला दोघींनी सारखंच ओळखलं.

"पण एक सॅड गोष्ट आहे," ईरा म्हणाली. "झरा ड्राय झाला ना, तर ती पण मरते."

"दुसरीकडं नाही का जाता येत?"

तिने पानं उलटली. बऱ्याच वेळाने तिला सापडलं. एक गेली होती. तिच्यामागे एक नदीचा देव लागला, तेव्हा भीतीने तिचं पाणी झालं. ती जमिनीत शिरली, समुद्राच्या खालून गेली आणि दुसऱ्या देशात झरा होऊन वर आली. नाव मला म्हणता आलं नाही. मी तिला ते पान पुन्हा वाचायला लावलं. ती इंग्रजीत वाचत होती आणि मी कळल्यासारखी मान हलवत होते. मांडीवरच्या पिशवीत माझा हात बटव्यावर होता. ती पाणी होऊन, स्वतःच्या पायाने गेली होती. बटव्यात घालून तिला कुणी नेलं नव्हतं.

गाडीत बसल्यावर ईरा आईला सांगायला लागली, की या पऱ्यांना बायका मध आणि दूध ठेवायच्या. नवरी त्यांच्या पाण्याने न्हायची. "अँड दे टेक केअर ऑफ बेबीज, मम्मा. इट्स लाइक देअर जॉब."

निखिलरावांनी काच पुसायचे दांडे चालू केले. पाऊस नव्हता.

संध्याकाळी एका मोठ्या तळ्याच्या काठी लाकडी खोल्यांत उतरलो. तळं इतकं निळं, की पायऱ्या बांधलेल्या बारवेत नीळ कालवल्यासारखं. काठावर ना घाट, ना देऊळ, ना धुणं. एवढं पाणी आणि त्याला कुणाचा हात लागलेला नाही. मी घरून केलेले धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी काढली. निखिलराव दोनदा म्हणाले, आई, एकदम मस्त. ईराने चटणी पुसून टाकून धपाटा खाल्ला. वैशालीने एक तुकडा तोडला, तो बोटांत धरला, आणि आम्ही जेवून उठलो तरी तो तसाच होता.

अंधार पडायच्या आत मी तळ्यावर जाऊन आले. दगड सोडायचे तर इथेच सोडावे, असं आलं मनात. पण पाणी अगदी निपचित होतं. आसरा वाहत्या पाण्याच्या. तळ्याच्या तळाशी त्या नुसत्या पडून राहतील. मी तशीच परत आले. कुडकुडत होते म्हणून निखिलरावांनी स्वतःचं जाकीट मला घातलं. नऊवारीवर जाकीट आणि पायात वैशालीचे जुने बूट, असं माझं ध्यान. ईराने फोटो काढला. वैशाली तो फोटो बघून किंचित हसल्यासारखी झाली. तेवढं मी जपून ठेवलं.

दुसरा दिवस, मासे

जंगलात एका नदीवर लाकडी सज्जा बांधला आहे. तिथून मासे बघायचे असतात. पाणी दगडांवरून जोरात खाली येत होतं आणि हाताएवढे मासे त्याच्या उलट वर उड्या मारत होते. आपटायचे, खाली पडायचे, थोडं थांबून परत. ईराने सांगितलं, हे समुद्रात मोठे होतात आणि अंडी घालायला जिथे जन्मले त्याच पाण्यावर परत येतात. अंडी घातली की मरतात.

सज्ज्यावर एक म्हातारा-म्हातारी घडीच्या खुर्च्या टाकून बसले होते. एखादा मासा चढला की दोघं हळूच टाळ्या वाजवत. म्हातारीने मला खुर्ची दिली, थर्मासमधली कॉफी दिली, आणि काहीतरी विचारलं. मी ईराकडे बघितलं. ईराने सांगितलं, ती विचारतेय तुला किती ग्रँडचिल्ड्रन आहेत.

मी एक बोट वर केलं. मग वाटलं, वैशाली बघते आहे. बोट तसंच राहिलं, खाली घेता येईना.

वैशाली वळून गाडीकडे चालायला लागली. निखिलराव तिच्यामागे गेले. तिने त्यांचा हात झटकला नाही, पण धरलाही नाही. म्हातारीला वाटलं तिचंच काही चुकलं, ती सॉरी सॉरी म्हणत राहिली. मला तिला सांगता आलं नाही की बाई, तुमचं नाही, माझंच चुकलं आहे.

एक मासा काठाच्या उथळ पाण्यात आडवा पडला होता. कातडी पांढरी पडलेली, कल्ला अजून हलत होता. तो पोचला होता. ईरा त्याच्याकडे बघत होती.

"आजी," ती म्हणाली, आणि या वेळी तिने सगळं मराठीत सांगायचा प्रयत्न केला. "बेबी पण पाण्यात होती ना? मम्माच्या पोटात?"

"हो."

"मग त्यांनी तिला ठेवून घेतलं?"

तिला आई विचारू देत नव्हती, बाप उत्तर देत नव्हता. एवढ्याशा पोरीने महिनाभर हे पोटात ठेवलं होतं, आणि त्या पुस्तकात शोधत होती. मी काय सांगायला हवं होतं? मी म्हटलं, मला माहीत नाही गं. तेही खोटंच होतं. मला वाटत होतं, माहीत आहे.

त्या दिवशी जेवायला एका हॉटेलात गेलो. बसल्या बसल्या चार ग्लास पाणी आणून ठेवलं, बर्फ घालून. आम्ही कुणी प्यायलो नाही. उठताना हॉटेलातल्या वाढणाऱ्या पोरीने ते ग्लास उचलले आणि बर्फासकट ओतून दिले.

तिसरा दिवस, होह नदी

होह नदीचं रान मी आयुष्यात विसरणार नाही. झाडं देवळाच्या शिखरापेक्षा उंच आणि फांद्यांना शेवाळाचे पदर लोंबत असलेले. जमीन पायाखाली दबते. सगळीकडून पाणी ठिबकतं पण आवाज होत नाही. आमच्याकडे झाडाला पाणी घालावं लागतं, तिथे झाडं पिळली तर घागर भरेल. आसरा राहायच्या तर अशाच ठिकाणी राहतील, असं वाटलं, आणि त्याच वेळी असंही वाटलं, की इथे आमच्या बोलीत त्यांना हाक कोण मारणार.

निखिलराव आणि वैशाली रानातल्या वाटेने फिरायला गेले. मी म्हटलं, माझे गुडघे दुखतात, मी नदीवर बसते. ईरा माझ्याबरोबर थांबली. नदीचं पात्र रुंद, सगळीकडे गोटे. पाणी पांढुरकं, दूध सांडून त्यात पाणी ओतल्यासारखं. ईराने सांगितलं, वर डोंगरावर बर्फ दगड दळतो, ते पीठ पाण्यात येतं. माझ्या डोळ्यांपुढे ते बांधलेलं लुगडं आलं. पांढरे डाग पडलेलं. मी तोंड वळवलं.

गोट्यांवर जागा साफ करून मी सात दगड ओळीने मांडले. हळदकुंकू लावलं. तांदूळ, हिरव्या बांगड्या, आणि फ्रीजरमधून आणलेला एक डिंकाचा लाडू. ईरा उकिडवी बसून बघत होती, तिने विचारलं नाही, ओळखलं. मी हात जोडले, पण म्हणायला काही सुचेना. ओटी भरताना म्हणतात, लेकरू राख. लेकरू नसताना काय म्हणायचं?

तेवढ्यात गोट्यांवर बुटांचा आवाज आला. रानाची राखण करणारी बाई होती, रुंद काठाच्या टोपीतली, जवळजवळ माझ्याच वयाची, पांढऱ्या केसांची एक वेणी. ती ओरडली नाही. गुडघे टेकून खाली बसली, दगडांकडे बघितलं, माझ्या पिशवीकडे बघितलं आणि शांतपणे काहीतरी सांगायला लागली. मी उठून उभी राहिले. सरकारी माणसापुढे माझं असंच होतं.

"आजी, ती म्हणते इथले रॉक्स घरी नेता येत नाहीत," ईरा म्हणाली. "ती म्हणते सगळे थोडे थोडे नेतात, मग रिव्हरला काही राहत नाही."

आमच्या नदीवर असं कुणी कधी म्हणालं नव्हतं.

ईरा तिला समजवायला लागली, नो, शी ब्रॉट देम, आणि मग अडकली. एवढ्यात वाटेवरून वैशाली आली. तिने दुरून टोपीवाली बघितली असणार, धावतच आली. निखिलराव मागे. दोघी इंग्रजीत बोलल्या. वैशालीने माझ्याकडे बघितलं.

"ती म्हणतेय, जिथून उचललेस तिथे परत ठेव. मग काही प्रॉब्लेम नाही."

वैशाली खाली वाकली आणि तिने एक दगड उचलला. त्याच्या चिरेत शेंदूर राहिला होता. कितीही घासला तरी चिरेतला निघाला नव्हता. तिने तो अंगठ्याने खरवडला. लहानपणी दर आखाडात ती माझ्याबरोबर डोहावर यायची, तेलाची वाटी धरायला.

"आई," ती म्हणाली, "हे आपल्या डोहावरचे आहेत?"

मी मान हलवली. तिने टोपीवालीला काहीतरी सांगितलं. निखिलरावांनी मला नंतर सांगितलं, ती म्हणाली, माझी आई परत ठेवतेय, आम्हाला थोडा वेळ द्या. बाई उठली, टोपीला हात लावला आणि निघून गेली. निखिलराव ईराला घेऊन जरा लांब जाऊन थांबले.

मग मी सगळं सांगितलं. डोह, मशीन, सहा सापडले ते. त्यांना त्यांच्या पाण्यापासून मी उचललं आणि अकराव्या दिवशी त्यांनी बदला घेतला, हेही सांगितलं. एवढं सलग मी आयुष्यात कुणाशी बोलले नव्हते. वैशाली ऐकत होती. मला वाटलं ती चिडेल, किंवा जवळ घेईल. तिने दोन्ही केलं नाही.

"नाळ होती, आई. गळ्याभोवती. डॉक्टरांनी दाखवलं ना. दगडांचा काय संबंध?"

मी म्हटलं, नाळ कुणी गुंडाळली?

ती नदीकडे बघत राहिली. मग म्हणाली, "तुला वाटतं तुझ्यामुळे झालं. निखिलला वाटतं त्याच्यामुळे, त्याने मला कामावर जाऊ दिलं म्हणून. तो रोज रात्री तेच बोलतो. मला कुणी विचारतच नाही."

"तुला काय वाटतं?"

"त्या दिवशी ती सकाळपासून हलली नव्हती. मला कळलं होतं. पण मीटिंग होती. मी म्हटलं, मीटिंग झाली की जाते. दोन तास बसले मी तिथे, आई. पोटावर हात ठेवून बसले. कुणाच्या तरी स्लाइड्स बघत."

पाण्याचा आवाज होता. मी आई आहे, मला काहीतरी म्हणता यायला हवं होतं. आमच्या बायका म्हणतात, देवाची मर्जी. ते माझ्या तोंडाशी आलं आणि मी गिळलं. माझा अपराध दगडाएवढा होता, उचलून पाण्यात ठेवता येण्यासारखा. तिच्या अपराधाला आकार नव्हता. तो कुठल्या पाण्यात सोडायचा? आणि इतके दिवस मी तिच्या घरात बसून माझंच ओझं मोजत होते, तिच्याकडे बघतच नव्हते. मी तिचा हात धरला. तो गार होता, दगडासारखा म्हणवत नाही, पण गार.

मग ती म्हणाली, "यातला तुझा कुठला?"

"म्हणजे?"

"सहा त्यांचे. सातवा तू उचललास ना, कुठलाही. तो कुठला?"

मी दाखवला. शेवटचा, जरा काळसर. तिने तो घेतला, त्यावरचं हळदकुंकू जाकिटाच्या बाहीने पुसलं.

"हा मी ठेवते."

"अगं, सात लागतात. सहा सोडू नयेत."

"हा त्यांच्यातला नव्हताच. याला नाव नाही, काही नाही. याची कुणी वाट बघत नाहीये." तिने मूठ मिटली. "राहू दे माझ्याकडे."

सहा दगड आम्ही दोघींनी पाण्यात ठेवले. पाणी इतकं थंड की बोटं दुखली. आणि पाणी पांढरं असल्यामुळे हातातून सुटले की लगेच दिसेनासे झाले. ते राहिले, की वाहिले, की बुडाले, काही कळलं नाही. बांगड्या आणि लाडू वैशालीने पिशवीत परत भरले, इथे टाकायचं नसतं म्हणाली. माझ्या मनाला वाटलं होतं की सोडल्यावर हलकं वाटेल. वाटलं नाही. खोटं कशाला लिहू.

परतीच्या वाटेवर वैशाली मागच्या बाकावर ईराशेजारी बसली. दगड तिच्या मांडीवर होता, ओढणीखाली. ईराने हात आत घालून बघितलं. "इट्स वॉर्म," ती म्हणाली. वैशालीने ओढणी नीट केली.

आपलं गाव

त्यानंतर तीन आठवड्यांनी मी परत आले. राहा, असं कुणी म्हणालं नाही, जा, असंही नाही. विमानतळावर निखिलराव पाया पडले आणि म्हणाले, "आई, तुम्ही आल्यात म्हणून..." ईराने तिचा रंगवलेला कागद दाखवला होता. पुस्तकातल्या पऱ्या एका बाजूला, आणि दुसऱ्या बाजूला आमच्या सात, नऊवारीत, पायात बूट. शाळेत सगळ्यांना आवडला म्हणे. त्यात सातवी बाकीच्यांपेक्षा बरीच लहान काढली होती.

इथे आले तर वाळूच्या खड्ड्याच्या काठावर बायकांनी सात नवे दगड मांडलेले. नवा शेंदूर. त्यांना वाटतं जुनेच सापडले. परवा शेजारच्या सुनेला बाळ घेऊन ओटी भरायला नेलं, मलाही बोलावलं. पाणी बाटलीतून नेलं होतं. तिच्या मांडीवर पोरगं ट्यांहा करत होतं. सगळ्या हात जोडून म्हणाल्या, लेकरू राख. मीही म्हणाले. माझ्या सहा तिकडे होहच्या पोटात कुठेतरी आहेत, आणि इथे या साध्या दगडांपुढे माझी मान खाली गेली.

ओटी झाल्यावर बायका पुढे गेल्या. मी मागे राहिले. त्या टोपीवाल्या बाईंनी सांगितलं होतं, जिथून उचललेस तिथे ठेव. सातवा दगड तर वैशालीकडे राहिला, तरी तो मी उचलला ती जागा शोधायला लागले. करंजाच्या बुंध्यापासून दहा-बारा पावलं, डाव्या हाताला. पण करंज नाही, तेव्हा पावलं मोजायची कुठून? जिथे असेल असं वाटलं तिथे दोन पुरुष खोल खड्डा आहे.

वैशालीचा दर रविवारी फोन येतो. चित्र दिसणारा. ती कामावर जायला लागली आहे. वाळली आहे. लाडू अजून फ्रीजरमध्ये आहेत, टाकवत नाहीत म्हणाली. तिच्या मागे खिडकीत तो दगड असतो, एका इवल्याशा टोपीखाली. दवाखान्यातल्या पेटीतली टोपी आहे ती, मी ओळखली. निखिलराव मागून येतात-जातात, दगडाकडे बघत नाहीत.

काय जेवलीस, थंडी किती, ईरा कुठे, एवढं बोलून होतं. मग फोन ठेवायच्या आधी ती दर वेळी एकच विचारते.

"डोहाला पाणी आलं का गं?"

"नाही," मी सांगते.

ती मान हलवते, आणि फोन तीच ठेवते.